शेवटच्या सायकलीचा झेंडा

मित्रांनो, मी एक जुना झेंडा आहे. पण माझ्यासमोर कुणी ताठ उभं राहत नाही की सलाम ठोकत नाही. मी कुठल्या देशाचा नाही, कुठल्या पक्षाचाही नाही. लांबच्या सफरीवर निघालेल्या सायकलींच्या रांगेत जी सायकल सर्वांत मागे असते, तिला मला बांधत असत. आता मी एका पत्र्याच्या कपाटात, ग्रीसच्या डब्याशेजारी, घडी होऊन पडलो आहे. इथे मला कुणी हात लावत नाही, आणि का लावत नाही तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. एका किराणा दुकानाच्या पुढचं पिवळं छप्पर शिवून झाल्यावर हातभर कापड उरलं, तोच मी. हा शिंपी अंगाने भरलेला आणि दमाने कमी, पण सायकलीची हौस दांडगी. गावातल्या सायकलवाल्यांच्या गटात तो हटकून शेवटचा यायचा. गटाचा म्होरक्या लेथ मशीनवर काम करणारा एक उंच माणूस होता. त्याला सगळे कप्तान म्हणत. तो एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "तू शेवटचाच येणार आहेस, तर शेवटचं असण्याचंच काम घे." सगळे खो खो हसले. शिंपीही हसला, पण ते हसणं त्याच्या मनाला लागलं होतं. घरी येऊन त्याने मला चारही बाजूंनी दुमडून शिवलं आणि मासे धरायच्या जुन्या गळाच्या काठीला अडकवलं.

आता आमची पद्धत समजून घ्या. कप्तान सगळ्यांच्या पुढे असायचा. फाटा आला की त्याच्या मागचा सायकलस्वार तिथे थांबायचा आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात करून वाट दाखवायचा. शेवटी मी दिसलो की त्याने निघायचं. त्याआधी नाही, मग ऊन असो की पाऊस. आणि मी मुक्कामाला पोहोचलो की सगळे पोहोचले असं धरायचं. डोकी कुणी मोजत नसे. झेंडा आला, दार लावा, इतकं ते सोपं होतं.

अशा किती सफरी मी केल्या! कालव्याच्या काठाने गेलो, मक्याच्या शेतांमधल्या मातीच्या वाटांनी गेलो, मिठागरांच्या बांधांवरून गेलो. होड्या डागडुजीला उलट्या घालून ठेवतात त्या जागा पाहिल्या. लोक पहिल्याचं कौतुक करतात. मला विचाराल तर पहिल्याला काय, पुढे बघायचं आणि पायडल मारायचं. मला मात्र सगळ्यांच्या पाठी दिसत. गावोगावची कुत्री माझ्यावर भुंकत धावत. शेवटी जो असतो त्याच्यावर सगळ्यांचंच तोंड सुटतं. पण उन्हात तासभर उभा राहिलेला माणूस मला लांबून बघायचा आणि त्याचा जीव भांड्यात पडायचा. तेवढ्यासाठी मी कुत्र्यांचं भुंकणंही गोड मानून घेत असे.

मला सर्वांत आवडायचा तो शिंप्याचा मेहुणा. नळ दुरुस्तीचं काम करायचा. आई लवकर गेल्यामुळे शिंप्याच्या बायकोनेच या धाकट्या भावाला कडेवर घेऊन वाढवलं होतं. तोंडाने फटकळ, पण सांगितलेलं काम चोख. फाट्यावर तो उभा असला की शिंपी धापा टाकत येताना दिसायचा आणि हा ओरडायचा, "या दाजी, या! मी म्हटलं, तुम्ही उद्या येताय की काय."

"मेहुणेबुवा, तुमच्या बहिणीच्या हातचं खाऊन हे वजन झालंय," शिंपी म्हणायचा. "दोष तिला द्या."

मग दोघे हसत पुढे निघायचे, मेहुणा मुद्दाम हळू, दाजींच्या चालीने.

ती सफर पावसाळा सरल्यावरची. शेवटच्या मुक्कामाच्या अलीकडे एक फाटा होता. डावी वाट समुद्राच्या कडेने जायची, उजवी टेकडीला वळसा घालून. दोन्ही त्याच मच्छीमार गावात पोहोचायच्या, म्हणून तिथे आम्ही कधीच माणूस उभा केला नव्हता. पण त्या वर्षी लाटांनी डाव्या वाटेचा मोठा तुकडा गिळला होता. कप्तानाला हे कळलं चहाच्या टपरीवर. त्याने तिथेच सगळ्यांना सांगितलं, की आज त्या फाट्यावर मेहुणा थांबेल, कुणीही डावीकडे जायचं नाही.

सगळ्यांना, एक सोडून. शेवटच्या माणसाचं एक दुःख असतं, मित्रांनो. तो टपरीवर पोहोचतो तेव्हा बाकीचे उठायला लागलेले असतात. त्याच्या वाट्याला कोमट चहा येतो आणि झालेलं बोलणं येतच नाही. शिंप्याला त्या फाट्याबद्दल कुणी काही बोललं नाही. सांगितलं असेल कुणीतरी, असं प्रत्येकाला वाटलं.

टपरीपासून थोडं पुढे गेलो आणि शिंप्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. अंगात तापही असावा. तो सायकल आडवी टाकून रस्त्याकडेला बसला. तेवढ्यात बटाट्याच्या गोण्या भरलेला एक टेम्पो आला. तो शेतांमधल्या बाजाररस्त्याने, फाट्याला न लागता, त्याच गावाला चालला होता. शिंप्याने इकडे तिकडे पाहिलं. मला काठीला गुंडाळून गोण्यांमध्ये खुपसलं, सायकल वर चढवली आणि स्वतः पुढे बसला. समोर फक्त तो एक फाटा उरला होता, आणि तिथे कुणी उभं नसतं, असंच त्याच्या डोक्यात होतं. इथवर त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

गावाच्या अलीकडे मात्र तो टेम्पोवाल्याला म्हणाला, "इथेच उतरव."

"अजून गाव पुढे आहे की. पाय दुखतायत म्हणालात ना?"

"आता बरे आहेत. उतरव तू."

त्याने मला सोडलं, झटकलं, सायकलीला बांधलं आणि शेवटचा तेवढा उतार पायडल मारत गावात शिरला. मी ऐटीत फडफडत होतो. खाणावळीच्या दारात कप्तान उभा होता. "आला बघा झेंडा! आज कधी नव्हे तो उजेडात आला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिंपी घाम पुसत म्हणाला, "चढ होता जरा." कप्तानाने सायकलींच्या शेडचं दार लावून घेतलं.

मेहुणा दिसत नाही हे शिंप्याच्या लक्षात आलं. पण निम्मे लोक समोरच्या होडीवाल्याच्या घरी उतरले होते. तिकडे असेल, असं म्हणून त्याने गोळी घेतली आणि पांघरूण ओढलं. बाहेर वारा वाढत गेला.

सकाळी शिंपल्या वेचणारी एक बाई खाणावळीत आली. तिने आमच्या सायकली पाहिल्या आणि विचारलं, "तो फाट्यावरचा माणूस तुमच्यातला का?"

"कोण माणूस?" कप्तान म्हणाला.

"काल उभा होता. मी म्हटलं, भाऊ, वारा वाढलाय, गावात जा. तर म्हणाला, आमचे दाजी यायचेत, झेंडा दिसला की निघतो. नजर चुकून डावीकडे तर गेले नसतील ना, असंही मधेच पुटपुटत होता. अंधारून आलं तशी मी घरी निघाले. वळून बघितलं तर बॅटरी घेऊन तुटक्या वाटेकडे चालला होता. हाका मारत होता, दाजी, दाजी म्हणून. मी ओरडले, पण वाऱ्यात ऐकू जाईना. आज बघते तर सायकल फाट्यालाच टेकवलेली."

सगळे धावले. तुटलेल्या कडेखाली, खडकांमध्ये तो सापडला. त्याला वर आणताना मी तिथे नव्हतो, आणि नव्हतो हेच बरं झालं.

खाणावळीच्या अंगणात कप्तानाने शिंप्याला विचारलं, "तू फाट्यावरून आलास तेव्हा तो होता ना?"

सगळे शिंप्याकडे बघत होते. तेव्हा त्याने खरं सांगायला हवं होतं. त्याच्या तोंडून निघालं, "नव्हता. मला वाटलं, पुढे गेला."

झालं! मग लोकांनी आपसांत हिशेब जुळवला. शिंपी फाट्यावरून पुढे गेला तेव्हा हा जागेवर नसणार. लाटा बघायला गेला असेल कुठेतरी. म्हणून चुकामूक झाली, आणि मग बसला वाट बघत. भेटायला येणारे बहिणीसमोरच हळहळायचे, "जागेवर थांबला असता तर वाचला असता हो." ती मान खाली घालून ऐकायची. तिला भाऊ गेल्याचं दुःख होतंच, पण त्याने जागा सोडली हे काही केल्या तिच्या गळी उतरत नव्हतं.

शिंप्याने मला कपड्यांच्या ढिगाखाली दडपलं होतं. एके दिवशी तिच्या हाताला मी लागलो. तिने मला उलगडून मांडीवर घेतलं आणि माझ्या मोकळ्या काठावरून बोट फिरवलं. शिंपी इस्त्री करत होता.

"अहो, त्या दिवशी वारा होता ना?"

"होता. खूप होता."

"किनाऱ्याचा वारा लागला की याचा काठ उसवतो. दरवेळी मीच शिवते. या वेळी कसा नाही उसवला?"

तिने माझ्या शिवणीतून तागाचे धागे ओढून काढले आणि टेबलावर ठेवले. बटाट्याची माती अजून त्यांना चिकटलेली होती. इस्त्री एकाच जागी राहून कापड करपलं, तरी त्याला भान नव्हतं. मग तो खुर्चीत बसला आणि त्याने सगळं सांगितलं.

ती रडली नाही. म्हणाली, "तो तुम्हाला शोधायला गेला. आणि तुम्ही सांगितलंत, की तो जागेवर नव्हता."

"तुला सांगणारच होतो मी."

"मला नका सांगू. जे त्याच्याबद्दल बोलतायत त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन कप्तानाच्या लेथच्या शेडमध्ये गेला. गटातले बरेच जण तिथे बसले होते. ती दारात उभी राहिली, आत आली नाही. शिंप्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, गोण्यांपासून टाळ्यांपर्यंत. कप्तानाने मशीन बंद केलं.

"पण उतरलास कशाला? टेम्पोतून आला असतास तर मी लगेच विचारलं असतं, मेहुणा कुठे आहे. तेव्हा उजेड होता रे."

"तुम्ही हसला असता," शिंपी म्हणाला.

कप्तान आपल्या तेलकट हातांकडे बघत राहिला. "हसलो असतो," तो म्हणाला. "आणि मग त्याला आणायला गेलो असतो."

तेव्हापासून मी कप्तानाच्या शेडमधल्या या कपाटात आहे. गट अजून सफरीवर जातो, आता डोकी मोजतात, आणि मेहुण्याबद्दल वेडंवाकडं कुणी बोलत नाही. शिंपी सायकलीवर परत बसला नाही. ती दोघं एकाच घरात राहतात, असं इथे येणारे सांगतात. ती त्याला वेळेवर वाढते आणि कामापुरतं बोलते. झेंड्याला रडता येत नाही, पण मला त्या तिघांसाठी फार वाईट वाटतं.

मित्रांनो, मला धुऊ नका, इस्त्री करू नका, पुन्हा काठीवर चढवा असंही मी म्हणत नाही. माझं आयुष्य झालं. एवढंच मागतो, की तुमच्यासाठी कुणी कुठे थांबलं असेल आणि तुम्ही दुसऱ्या वाटेने पोहोचला असाल, तर दारात पाऊल टाकताच ते सांगून टाका. दमलो होतो, जमलं नाही, टेम्पोत बसून आलो, असं सरळ म्हणा. लोक हसतील. हसू द्या.