ससाण्याच्या छातीवरचा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना बिल्ला आहे. कागदोपत्री मला पदक म्हणत असत. पण ज्या घरात मी आयुष्य काढले, तिथली घरधनीण "तुमचा तो बिल्ला" असेच म्हणायची आणि तेच नाव मला चिकटले. मी चांदीचा आहे. आता इतका काळवंडलो आहे की सांगितल्याशिवाय कुणाला पटत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या टांकसाळीत झाला. लाल भट्टीतून निघालो, दाबाखाली गेलो आणि एका बाजूला राजाचे डोके, दुसऱ्या बाजूला एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन बंदुका घेऊन बाहेर पडलो. ज्या देशात मला पाठवले, तो देश त्या राजाने डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. पण राज्य त्याचे होते, पलटण त्याची होती, आणि पलटणीतल्या सर्वांत चांगल्या नेमबाजाच्या छातीवर मला लावायचे असा हुकूमही त्याचाच होता.

त्या वर्षी मी ज्या शिपायाच्या छातीवर गेलो, त्याला सगळे ससाणा म्हणत. डोळा तसाच होता त्याचा. चांदमारीच्या मैदानात तो पालथा पडला, गाल बंदुकीच्या दस्त्याला टेकवला आणि श्वास रोखला की शेजारचे शिपाई आपली बंदूक विसरून त्याच्याकडे बघत राहायचे. कमी बोलणारा माणूस. मला छातीवर लावले तेव्हासुद्धा तो हसला नाही, फक्त कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

समोर निशाणाच्या फळ्यांखाली एक खोल खंदक होता. त्या खंदकात बसून, गोळी कुठे लागली ते लांब दांडीवरच्या चकतीने दाखवायचे, हे काम त्याच्या जिवलग मित्राकडे होते. तो ताडमाड उंच, म्हणून त्याचे नाव उंट. खंदकात दिवसभर वाकून बसल्याने त्याची पाठ धरायची. "माझी पाठ आणि तुझा डोळा, दोघांनी मिळून हा बिल्ला कमावलाय," असे तो ससाण्याला म्हणायचा आणि मला टिचकी मारायचा. त्या टिचकीचा मला कधी राग आला नाही.

मित्रांनो, सगळ्यांनी त्याच्या डोळ्याचे कौतुक केले. कानाची चौकशी कुणी केली नाही. वर्षानुवर्षे रोज कानाशी बंदूक कडाडत होती, आणि कानात घालायला कापसाचा बोळासुद्धा कुणी दिला नव्हता. आधी त्याला नुसते गुंऽऽ असे ऐकू यायचे. मग पाखरे गप्प झाली. मग माणसे.

हे फक्त त्याच्या बायकोला कळले. बहिरा शिपाई पलटणीत ठेवत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होते. तेव्हा दोघांनी मिळून ते लपवले. त्याला बोलवायचे असले की ती फळ्यांच्या जमिनीवर पाय आपटायची. तो हादरा त्याच्या तळव्यांना कळायचा आणि तो वळून बघायचा. शेजारणी म्हणायच्या, "काय बाई कजाग! सदा आपली पाय आपटतेय." ती ऐकून घ्यायची. बाहेर तो आणखी एक युक्ती करायचा. मुलखाचा अबोल माणूस आता अखंड बडबडायला लागला, कारण आपणच बोलत राहिलो की समोरच्याचे ऐकावे लागत नाही. बराकीत लोक म्हणाले, बिल्ला डोक्यात गेला! एकदा नव्या साहेबाने कौतुकाने विचारले, "लग्न कधी झालं?" ससाण्याला वाटले, बंदुकीबद्दल विचारतोय. म्हणाला, "कालच साहेब. तेल लावून, चिंधीनं पुसून ठेवलीय." सगळी बराक पोट धरून हसली. तोही हसला. त्याच्या छातीवर असलेल्या मला मात्र आतली धडधड कळत होती.

मैदानात तो शेजारच्याकडे तिरक्या डोळ्याने बघायचा. शेजारचा थांबला की हा थांबायचा. तेवढ्यावर त्याचे निभावून जात होते.

मग एके वर्षी कुणी बडा पाहुणा पलटण बघायला आला. त्याला आपला बिल्लेवाला नेमबाज दाखवायचा साहेबाला सोस. त्यामुळे त्या सकाळी ससाणा मैदानात एकटाच पालथा पडला होता. शेजारी कोणी नव्हते.

वारा सुटला होता. दोन-चार गोळ्या झाल्या आणि निशाणाचे कापड चौकटीतून सुटून फडफडायला लागले. साहेबाने गोळीबार थांबवायची शिट्टी वाजवली. बाजूला धोक्याचा लाल बावटा वर गेला. शिट्टी ऐकून उंट खंदकातून वर चढला आणि कापड ठोकायला हात उंच केला. ससाण्याचा एक डोळा मिटलेला, दुसरा बंदुकीच्या टोकावरून त्या फडफडत्या कापडाच्या मध्यभागी खिळलेला. कापडाखालून माणूस वर येतोय, हे त्याला दिसले तोवर बोट दाबले गेले होते.

गोळी उंटाच्या उजव्या कोपरात लागली. त्याचा जीव वाचला, पण हात लाकडासारखा लटकत राहिला.

चौकशी बसली. ससाणा धुतलेला गणवेश घालून, मला छातीवर लावून उभा राहिला. समोर उंट, हात गळ्यात बांधलेला. साहेब आपल्या भाषेत बोलायचा आणि बाजूला उभा असलेला दुभाषा हलक्या आवाजात तेच आपल्या भाषेत सांगायचा. ससाण्याला दोघांचेही कळत नव्हते. पण रात्रभर विचार करून तो मनाशी ठरवून आला होता, की जे विचारतील त्याला हो म्हणायचे. गोळी माझीच होती, चूक माझीच आहे, सगळे कबूल करून टाकायचे.

दुभाष्याने विचारले, "शिट्टी वाजायच्या आधीच हा खंदकातून वर आला, असं तुझं म्हणणं आहे ना?"

"हो साहेब."

उंटाने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. पाहुण्यासमोर पलटणीची अब्रू जाऊ नये म्हणून साहेबालाही प्रकरण मिटवायचेच होते. त्याने पुन्हा विचारायला लावले.

"म्हणजे चूक त्याची आहे. बरोबर?"

"हो साहेब," ससाणा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. "हो. हो."

मित्रांनो, मी त्याच्या छातीवर होतो. मला सगळे ऐकू येत होते. पण बिल्ल्याला तोंड नसते.

साहेबाने त्याचा हात हातात घेऊन हलवला. ससाण्याला वाटले, आपल्याला माफ केले. उंटाला पलटणीतून काढले, तेव्हा त्याला वाटले, हात गेला म्हणून सन्मानाने घरी पाठवले असेल. निरोप द्यायला तो बराकीच्या दाराशी गेला. उंट तोंड फिरवून निघून गेला. दुखणे असेल, ससाण्याने मनाची समजूत घातली.

खरी गोष्ट त्याच्या बायकोला पाण्याच्या नळावर कळली. उंटाची बायको घागर भरत होती. हिने विचारले, "वहिनी, भावजींचा हात कसा आहे?" ती घागर तशीच टाकून म्हणाली, "तुम्ही विचारताय? बेशिस्त म्हणून शिक्का मारून काढलंय त्यांना. आता दारावरचा पहारेकरी म्हणूनसुद्धा कोणी ठेवत नाही. आणि तो शिक्का तुमच्या नवऱ्याच्या जिभेनं मारलाय."

ससाण्याची बायको धावत घरी आली. मी फळीवरच्या डबीत होतो. तिने पाय आपटला नाही. थेट त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "अहो, काय केलंत हे! तुम्ही हो म्हणालात! त्याची चूक आहे का विचारलं, आणि तुम्ही हो म्हणालात!" तिला पुन्हा पुन्हा ओरडावे लागले. इतकी वर्षे पदराआड झाकलेले गुपित तिनेच सगळ्या चाळीला ऐकवले. त्याला कळले तेव्हा तो भिंतीला टेकून खाली बसला. 

सकाळी तो मला लावून साहेबापुढे उभा राहिला. "साहेब, मी बहिरा आहे. शिट्टी वाजली होती. मला ऐकू आली नाही." त्या दिवसांत परक्यांचे राज्य आवरत आले होते. कचेरीत खोकी भरली जात होती, सुतार त्यांना खिळे ठोकत होता. साहेबाने कारकुनाला बोलावले. ससाण्याचे कान तपासले आणि त्याला बहिरा म्हणून, चांगल्या वर्तणुकीचा शेरा देऊन, सन्मानाने घरी पाठवले. उंटाचे काय, असे ससाण्याने विचारले. कारकुनाने दोन्ही हात झटकले. ती चौकशी संपलेली होती.

मग एका दुपारी नवरा-बायको उंटाच्या घरी गेले. एकच खोली. उंटाची बायको शिलाईच्या यंत्रावर लोकांचे कपडे शिवत होती आणि उंट डाव्या हाताने कापडाचे टोक धरून बसला होता. ससाण्याने मला खिशातून काढून यंत्राच्या फळीवर ठेवले.

उंट माझ्याकडे न बघता म्हणाला, "हा कशाला आणलास? त्या दिवशी माझ्याकडे बघून हो म्हणालास. शत्रूसुद्धा डोळे चुकवून खोटं बोलतो रे."

ससाण्याने सवयीने मान हलवली. "हो, हो," तो म्हणाला.

त्याच्या बायकोने तोंडाला पदर लावला. "भावजी, त्यांना ऐकू येत नाही. त्या दिवशीही येत नव्हतं. त्यांना वाटलं, आपण आपला गुन्हा कबूल करतोय."

यंत्र थांबले.  उंट उठला, ससाण्याच्या कानाशी वाकला आणि ओरडला, "मला का नाही सांगितलंस?"

"काढून टाकलं असतं मला," ससाणा म्हणाला.

उंट तसाच वाकलेला होता. "मला काढलंच की," तो म्हणाला. या वेळी ओरडला नाही, तरी ते ससाण्याला कळले. त्याने मला डाव्या हाताने परत ढकलले. "घेऊन जा. तुझा नेम खरा होता. मला नको."

झेंडा बदलला, राजाचे डोके असलेल्या वस्तू लोकांनी माळ्यावर टाकल्या. मीही डबीत गेलो. ससाणा एका बागेत झाडांना पाणी घालायच्या कामावर लागला. तिथे कुणाशी बोलावे लागत नसे. संध्याकाळी उंबऱ्यावर बसून तो रस्त्याच्या वळणाकडे बघायचा. वळणावरून उंट कधी आला नाही.

आला तो ससाणा गेला त्या दिवशी. दारात वाकून आत शिरला, त्याच्या पायांशी उभा राहिला. बायको म्हणाली, "भावजी, फार उशीर केलात."

"वहिनी, दोनदा अर्ध्या रस्त्यापर्यंत आलो होतो," उंट म्हणाला. "दोन्ही वेळा मागे फिरलो. म्हटलं, 'तुला माफ केलं' हे काय ओरडून सांगायचं?"

मित्रांनो, आता मी तिच्या भाचीकडे आहे, बटणांच्या डब्यात. मला घासून चकचकीत करा, असे माझे मागणे नाही. चांदी काळी पडली तरी चांदीच राहते. पण तुमच्या घरात कुणी न ऐकताच मान डोलावत असेल, उगाच हसत असेल, तर त्याची थट्टा करू नका. जवळ जाऊन बसा आणि त्याला विचारा. आणि तो माणूस तुम्हीच असाल, तर सांगून टाका. ज्याला सांगायचे तो अजून तुमच्या शेजारी बसून जेवतो आहे, तोवरच सांगा.