कळलं, मावशी, सगळं कळलं!

ज्या घरात दुसऱ्यांदा काही विचारलं की "कान काय गहाण टाकलेत?" असं ऐकावं लागतं, त्या घरातली मुलं फार लवकर मान डोलवायला शिकतात. वाचकहो, तुमचं-आमचं घर काही वेगळं नाही! आमची शहाणी अशाच घरातली. हिला सगळं आधीच ठाऊक असतं, म्हणून घरच्यांनी ठेवलेलं हे नाव. पुढे ती ऑफिसात वीस माणसांची साहेब झाली आणि "एवढंही कळत नाही?" हे वडिलांचं वाक्य तिच्या तोंडी आलं.

अशी ही शहाणी महिनाभराची रजा काढून परदेशातल्या एका खेड्यात, शेतीच्या कामाला स्वयंसेवक म्हणून गेली. जिच्या घरी उतरली, ती साठी ओलांडलेली बाई एकटीच टोमॅटोची रोपं वाढवून गावाला पुरवायची. शहाणीने पहिल्याच दिवशी तिला मावशी करून टाकलं. मावशीची एक रीत होती. कोणतंही काम सांगून झालं की ती म्हणायची, "आता तू मला सांग." ट्रॅक्टरवालासुद्धा मुकाट्याने सगळं परत म्हणून दाखवायचा. शहाणीला मात्र तो अपमान वाटे. मी काय पहिलीतली पोर आहे?

त्या दिवशी मावशीला डोळे तपासायला शहरात जायचं होतं. दोघींच्या मोडक्यातोडक्या सामाईक भाषेत तिने रोपांच्या प्लॅस्टिकच्या शेडबद्दल घाईघाईने बजावलं. ऊन चढलं की दोन्ही बाजूंचे पडदे वर घ्यायचे, डोंगराकडून वारा सुटला की... पुढचं शहाणीला नीटसं कळलं नाही.

"आता तू सांग."

"कळलं, मावशी, सगळं कळलं! बस चुकेल तुमची."

अकराच्या सुमारास वारा सुटला. प्लॅस्टिक फडफडायला लागलं तशी शहाणी शेडकडे धावली. पडदा खाली सोडायचा, एवढं आठवत होतं. पण एक की दोन्ही? तिने दोन्ही सोडले. अर्ध्या तासात उकाड्याने आत पाऊल ठेववेना. ऐंशी ट्रेंमधली वीतभर रोपं माना टाकायला लागली. पडदे वर घ्यावेत, तर वाऱ्याने रोपं मोडली म्हणजे? तिने मावशीला फोन लावला. फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर वाजला!

रस्त्यापलीकडे शेजारचा म्हातारा कुंपणाची तार ओढत होता. जेमतेम पन्नास पावलं. ती फाटकापर्यंत गेली. त्याने हात हलवला, तिनेही हसून हलवला, जणू सगळं आलबेल आहे, आणि परत फिरली. 'काय म्हणेल? एवढी शिकलेली बाई आणि पडद्याचं कळत नाही!' पुन्हा गेली, पुन्हा हसून परतली. आत मधल्या रांगा पार लोळल्या होत्या. गावातल्या सहा घरांची यंदाची लागवड त्या ट्रेंमध्ये होती, आणि ही लाज सांभाळत बसली होती!

मग मात्र ती पळत सुटली. "आजोबा, मला येत नाही हो! लवकर चला!"

म्हातारा हसला नाही. पक्कड टाकून लगबगीने आला, डोंगराकडचा पडदा तसाच ठेवून दुसरा सरसर वर घेतला. "एवढंच होतं," तो म्हणाला. "मघाशीच हाक मारायची की."

संध्याकाळी मावशी आली. वारा भलताच होता, असं सांगून वेळ मारून नेता आली असती. म्हातारा काही चहाडी करणाऱ्यातला नव्हता. पण शहाणी खरं बोलली. "मावशी, सकाळी मला अर्धंच कळलं होतं. मी खोटं बोलले. आजोबांना विचारायचीही लाज वाटली."

मावशी ट्रेंवरून हात फिरवत शेवटपर्यंत गेली. तिसरा हिस्सा गेला होता. मग मेलेली रोपं एकेक करून उपटून बाजूला काढायला लागली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं, असं शहाणीला झालं.

"लग्नानंतर पहिल्याच वर्षी," मावशी अखेर म्हणाली, "सासऱ्यांनी मला फवारणीचं माप सांगितलं. फार कडक माणूस. मी भीतीने हो म्हटलं आणि अख्खा मळा करपवला. चूक कुणाची?"

"तुम्ही विचारलं नाहीत म्हणून... तुमचीच."

"अर्धी माझी. अर्धी, विचारायची सोयच न ठेवणाऱ्याची. म्हणून मी परत सांगायला लावते. ती तुझी परीक्षा नसते, पोरी, माझी असते! मी नीट सांगितलं की नाही, हे मला कसं कळणार? आज बसच्या घाईत मीही चुकले."

शहाणीला ऑफिसातले वीस चेहरे आठवले, तिच्यासमोर भराभर माना डोलवणारे. किती जण तिच्या केबिनच्या दारापर्यंत येऊन परत फिरले असतील! तिला रडू आवरेना.

रोपं आता सहा घरांना पुरणार नव्हती. दुसऱ्या दिवशी मावशी दोन घरी सांगायला निघाली, तेव्हा शहाणी पुढे झाली. "मी सांगते. फक्त कसं सांगायचं ते मला ठाऊक नाही. शिकवाल?"

पहिल्या दारात एक शेतकरीण लेकराला कडेवर घेऊन उभी होती.

"तुमची रोपं माझ्यामुळे गेली," शहाणी म्हणाली. "मला कळलं नव्हतं आणि मी विचारलं नाही."

बाईचा चेहरा उतरला. "म्हणजे आता महिनाभर मागे पडलो आम्ही." ती लेकराला थोपटत राहिली. मग म्हणाली, "नवं बी लावायला माणूस लागेल. येशील?"

"येईन. पण मला दोनदा सांगावं लागेल."

मित्रहो, एखादी गोष्ट न कळणं यात कमीपणा कसला? न कळताच हो म्हटलं, की नुकसान मात्र तिसऱ्याच कुणाच्या शेताचं होतं. आणि ज्याला विचारायला माणसं घाबरतात, त्याने त्या नुकसानीत आपलाही वाटा धरावा!