साडेदहाची बोट

मुलाने कामावर जाता जाता टेबलावर चार पत्रकं ठेवली आणि म्हणाला, "आई, तुम्ही दोघी बोटीने बेटं बघून या. आम्हाला काही या आठवड्यात सुट्टी मिळत नाही. कुठली फेरी ते तुम्हीच ठरवा."

दोघी म्हणजे मुलाची आई आणि सुनेची आई. मुलाच्या आईने एकतीस वर्षं शिवणाचं दुकान चालवलं होतं, त्यामुळे तिला सगळे मास्टरबाई म्हणत. तिची विहीण मोठ्या इस्पितळातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेली. लेकरांच्या आग्रहाखातर दोघी एकदमच या परक्या देशात आल्या होत्या आणि अकरा दिवस एकाच खोलीत, शेजारशेजारच्या पलंगांवर झोपत होत्या. पण बोलणं 'आधी तुम्ही'च्या पुढे फारसं सरकलं नव्हतं. आंघोळीला आधी तुम्ही, चहा आधी तुम्ही, लिफ्टमध्ये आधी तुम्ही. एकदा तर त्या नादात लिफ्टचं दार बंद झालं आणि लिफ्ट रिकामीच वर गेली.

मास्टरबाईंनी पत्रकं पसरली. एकावर पाच बेटं होती, दुसऱ्यावर सात, तिसऱ्यावर नऊ, आणि चौथ्यावर नुसतीच एक हसणारी बाई होती. नऊवाली फेरी तीन तासांची आणि पाचवाली सहा तासांची. हे गणित काही त्यांच्या पचनी पडेना. त्यातून एकाच बेटाला दोन पत्रकांवर दोन नावं. शेवटी त्यांनी सुनेच्या स्वयंपाकघरातून बटर पेपर आणला आणि गळ्याचा पॅटर्न उतरवून घ्यावा तशी सातवाली बेटं पेन्सिलने उतरवून घेतली. तो कागद नऊवाल्या नकाशावर ठेवला तर एकाची कड एकाला लागेना. विहीणबाई मागे उभं राहून बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "तो नकाशा उलटा धरलाय का?"

कागद फिरवला. तरी जुळेना.

"तुम्हाला कुठली बरी वाटते?" मास्टरबाईंनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल ती."

"तसं नको. तुमच्या मनात काय आहे?"

"माझ्या मनात काय असायचंय? सातवाली बरी दिसते. साडेदहाला सुटते, म्हणजे नाश्ता करून निघता येईल." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "मी सकाळी फिरायला धक्क्यावरूनच जाते. मीच नावं घालून येते. तुम्ही कशाला तंगडतोड करता?"

झालं. मंगळवारची बोट ठरली. सोमवारी जेवणाच्या वेळी विहीणबाई परत आल्या आणि म्हणाल्या, "उद्या नाही जमत. बोट दुरुस्तीला काढलीय म्हणे." मग बुधवार ठरला. मंगळवारी दुपारी त्या म्हणाल्या, "उद्या वारा फार आहे म्हणतात." मास्टरबाईंनी खिडकीतून पाहिलं. समोरच्या गॅलरीत वाळत घातलेली चादर जागची हलत नव्हती. पण उद्याचा वारा आज कसा दिसणार, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली. शुक्रवारसाठी पुन्हा नावं घालण्याचं ठरलं.

बुधवारी साडेदहाला मात्र त्यांनी जिन्याच्या खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. पांढरी बोट माणसांनी भरून, सरळ रेघ मारावी तशी निघाली होती.

गुरुवारी 'जरा दोऱ्याचं रीळ बघून येते' असं सांगून मास्टरबाई एकट्याच धक्क्यावर गेल्या. तिकीटखिडकीतल्या बाईला त्यांच्याइतकंच इंग्रजी येत होतं, म्हणजे दोघींचं मिळून एक वाक्य पुरं व्हायचं. मास्टरबाईंनी आपलं नाव सांगितलं आणि कॅलेंडरवर बोटाने शुक्रवार दाखवला. बाईने वही फिरवून त्यांच्यापुढे धरली. शुक्रवारच्या पानावर त्यांचं आणि विहीणबाईंचं नाव होतं. मग तिने मागची पानं उलटली. बुधवार, दोन्ही नावं, आडवी रेघ. मंगळवार, दोन्ही नावं, आडवी रेघ. तिने घड्याळाकडे बोट केलं. नाव काढायचं तर आदल्या दिवशी बारापर्यंत. मग तिने पेन उचललं आणि भुवया वर करून विचारलं, काढू?

मास्टरबाईंनी हातानेच 'थांबा' म्हटलं. त्या बाजूच्या बाकावर जाऊन बसल्या. बोट दुरुस्तीला नव्हती, वारा नव्हता, जागा होत्या. मग हे कशासाठी? आपल्याबरोबर यायचं नसेल तर तसं सांगावं माणसाने. पण मग रोज सकाळी उठून नावं घालायला कोणी सांगितलं होतं? पहिल्याच दिवशी आपण बैठकीतल्या पडद्यांची शिवण वाकडी आहे म्हणालो होतो, आणि ते पडदे विहीणबाईंनी हाताने शिवून लेकीला पाठवलेले निघाले. तो राग असेल का? पण त्यानंतर त्यांनी आपले पाय चेपून दिले होते. रागावलेलं माणूस पाय कशाला चेपेल? जितका विचार करावा तितका गुंता वाढत होता.

पावणेबाराला विहीणबाई येताना दिसल्या. खिडकीपाशी पोचण्याआधीच त्यांनी बाकाकडे पाहिलं आणि त्या जागच्या जागी थांबल्या. मग येऊन शेजारी बसल्या.

"वही बघितली वाटतं तुम्ही," त्या म्हणाल्या.

"बघितली."

"सकाळी मला वाटतं, जमेल. नावं घालून येते. मग दुपार होते तसं नाही वाटत." त्या पर्सचा बंद गुंडाळत होत्या. "मला पाण्याची भीती वाटते हो. किती ऑपरेशनं पाहिली, किती माणसं माझ्या हातावर गेली, कधी हात थरथरला नाही. पण पायाखाली जमीन नाही म्हटलं की संपलं."

"मग सांगायचं ना."

"कसं सांगणार? लेकीच्या घरी येऊन तिच्या सासूच्या हौशीत खोडा घातला, असं नको व्हायला."

"पण मी तर समजत होते की हौस तुमची आहे," मास्टरबाई म्हणाल्या. "फेरी तुम्ही निवडलीत, वेळ तुम्ही ठरवलीत."

"तुम्ही नकाशे उतरवत बसला होतात म्हणून."

मास्टरबाई आठवून बघायला लागल्या की आपल्याला खरंच जायचं होतं का. मुलगा म्हणाला होता, हे आठवत होतं. त्याआधीचं काही आठवेना. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. खिडकीतली बाई घड्याळ दाखवत होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. कोणीच उठेना. मग बाईने खांदे उडवले आणि पडदा खाली ओढला.

त्यामुळे शुक्रवारी जावंच लागलं. विहीणबाई बोटीच्या बरोबर मधोमध, खांबाला हात घालून, डोळे मिटून बसल्या. मास्टरबाई उत्साहाने कठड्याजवळ गेल्या. पहिलं बेट आलं, झाडांनी गच्च भरलेलं. दुसरं दिसायला लागलं तोच त्या कठड्यावरून वाकल्या आणि सकाळचा सगळा नाश्ता समुद्रात गेला. त्यानंतरचं त्यांना धड आठवत नाही. एवढं आठवतं की कपाळावर ओला रुमाल होता, पाठीवर एक हात होता आणि विहीणबाई कडक आवाजात सांगत होत्या, "खाली बघू नका. लांब, त्या डोंगराकडे बघा. मी धरलंय." बोट डुलत होती आणि त्या उभ्या होत्या, कशालाही न धरता. बर्फ मागायला त्या बोटीच्या पार पुढच्या टोकाला जाऊन आल्या.

परत धक्क्याला लागल्यावर मास्टरबाईंना जमीनच हलल्यासारखी वाटत होती. विहीणबाईंनी त्यांचा दंड धरला आणि पायऱ्या चढता चढता विचारलं, "रविवारी असते का हो बोट?"

मास्टरबाईंनी वळून त्यांच्याकडे नीट पाहिलं. चेष्टा होती की खरंच विचारत होत्या, चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळेना. "बघते," त्या म्हणाल्या, आणि दोघी हळूहळू घराच्या रस्त्याला लागल्या.