अण्णांचा न वाजणारा फोन

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, हा एक जुना फोन आहे. काळा, जड, बोट घालून फिरवायच्या तबकडीचा. जुना आहे हे खरं. फोन आहे हे मात्र अर्धंच खरं. माझ्यातून आजवर एक शब्दही इकडचा तिकडे गेलेला नाही.

माझा जन्म एका स्टुडिओच्या मागच्या सामानाच्या खोलीत झाला. तिथे एक प्रॉपर्टीवाले मामा होते. मालिकेत लागणाऱ्या सगळ्या वस्तू त्यांच्या ताब्यात असत. बंद पडलेली घड्याळं, कागदी फुलं, साखरेचं पाणी भरलेल्या औषधाच्या बाटल्या. त्यांनी दोन मोडके फोन घेतले. एकाचं अंग ठेवलं, दुसऱ्याचा रिसीव्हर. आतलं यंत्र काढून टाकलं आणि माझ्या पोटात लोखंडाचा एक तुकडा चिकटवला. "नाहीतर रिसीव्हर उचलला की अख्खा फोनच वर यायचा," ते म्हणाले. माझी वायर टेबलाखालून नेऊन तशीच सोडून दिली. तिचं दुसरं टोक कुठेही जात नव्हतं.

मला घंटीही नव्हती. फोन यायची वेळ झाली की कॅमेऱ्याच्या मागून एक असिस्टंट बाई तोंडाने "ट्रिंग ट्रिंग" करायच्या. खऱ्या घंटीचा आवाज नंतर जोडत. एवढ्या मोठ्या बाई गंभीर चेहऱ्याने ट्रिंग ट्रिंग करत आणि कोणीही हसत नसे.

माझा रिसीव्हर उचलायचे ते अण्णा. मालिकेतले वडील. त्यांची तीन मुलं दूरदूरच्या गावी असत, आणि कोणावर काही संकट आलं की अण्णांना फोन करत. अण्णा ऐकून घेत, दोन शब्द सांगत, आणि पुढच्या आठवड्यात सगळं ठीक होई. अण्णांचं काम करणाऱ्या माणसाला स्वतःचं वेगळं नाव होतं, पण मी ते फारसं कधी ऐकलं नाही. सगळे त्यांना अण्णाच म्हणत. मीही तेच म्हणतो.

पहिल्या दिवशी म्हाताऱ्या दिग्दर्शकांनी त्यांना एक गोष्ट शिकवली. "पलीकडे कोणी नाही हे तुला माहीत आहे आणि या फोनला माहीत आहे. लोकांना कळता कामा नये. समोरचं वाक्य संपेपर्यंत मनात चार मोज. चारला भुवई उचल. मग म्हण, हो का? वाक्य लांब असेल तर सात मोज."

अण्णा मेहनती होते. त्यांचा अंगठा माझ्या रिसीव्हरच्या पाठीवर हलकेच दाबला जाई. एक, दोन, तीन, चार. "हो का?" बघणाऱ्याला वाटे, पलीकडे मुलगी रडते आहे आणि बाप जीव ओतून ऐकतो आहे. मालिका अकरा वर्षं चालली. लोक म्हणू लागले, ऐकावं तर अण्णांनी.

एकदा त्यांनी सेटवर सांगितलं, बाजारात एका बाईने त्यांचा हात धरून अर्धा तास मुलाचं गाऱ्हाणं सांगितलं. "मी चार-चार मोजत राहिलो. शेवटी म्हणालो, मनाला लावून घेऊ नकोस. बाई डोळे पुसून खूश होऊन गेली. ती काय बोलली, मला एक शब्द आठवत नाही." सगळे पोट धरून हसले. मला हसता येत नाही, म्हणून मी हसलो नाही.

अण्णांची बायको एका शाळेत शिवणकाम शिकवायची. सेटवर सगळे त्यांना वहिनी म्हणत. एका सुट्टीच्या दिवशी त्या शूटिंग बघायला आल्या, मला उचललं आणि कानाला लावलं.

"अहो, यात तर मेलं काहीच नाही!"

"मग तुला काय वाटलं, ती तिघं खरंच बोलतात माझ्याशी?"

"त्यांचं सोडा. घरी मी बोलते तेव्हासुद्धा तुमचा अंगठा असाच हलतो. मी बघते ना. एक, दोन, तीन, चार, हो का!" वहिनींनी भुवईसुद्धा तशीच उचलली.

मेकअपदादा इतके हसले की त्यांच्या हातातली पावडर सांडली. अण्णाही हसले. वहिनीही हसल्या, पण सगळ्यांच्या आधी थांबल्या. मग त्यांनी माझा रिसीव्हर नीट जागेवर ठेवला. त्यांचा हात उबदार होता, बोटाला सुईची बारीक भोकं होती.

आता जे सांगायचं आहे ते मला सांगावंसं वाटत नाही. पण त्या दिवशी टेबलावर मी होतो, आणि दुसरं कोणी सांगणार नाही.

दुपारची वेळ. मेकअपदादा अण्णांचा विग बसवत होते. अण्णांच्या हातात पुढच्या प्रसंगाचे कागद होते. त्यांचा मोबाइल माझ्या शेजारी ठेवलेला, आवाज मोठा केलेला. वहिनींचा फोन आला.

"अहो, ऐकताय ना? दोन दिवस झाले, जिना चढताना धाप लागतेय. आज तर मध्येच बसावं लागलं मला. पोरी घाबरल्या शाळेतल्या."

अण्णांची नजर कागदावर होती. अंगठा कागदाच्या कडेवर हलला. चार वेळा.

"हो का? छान. जेवून घे वेळेवर."

मग वहिनी म्हणाल्या, "बरं. करा तुम्ही तुमचं काम."

नऊ दिवसांनी वहिनी शाळेच्या जिन्यात बसल्या, त्या परत उठल्या नाहीत.

अण्णा दोन आठवड्यांनी कामावर आले. पहिलाच प्रसंग फोनचा होता. असिस्टंट बाईंनी हळू आवाजात ट्रिंग ट्रिंग केलं. अण्णांनी मला उचललं. अंगठा हलू लागला. चार झाले, भुवई उठली नाही. पाच झाले. मग ते मोठ्याने मोजू लागले. "सहा, सात, आठ..." छत्तीसपर्यंत गेले तेव्हा दिग्दर्शकांनी पुढे येऊन त्यांच्या हातातून मला काढून घेतलं. सेटवर सगळे म्हणाले, बिचारे वाक्य विसरले. ते काय विसरू शकत नव्हते, हे फक्त मला माहीत होतं.

लेखकांनी मग फोनचे प्रसंग काढून टाकले. चार महिन्यांत मालिकाही संपली. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांबरोबर फोटो काढले. अण्णांनी मामांकडे मला मागितलं.

"याला नेऊन काय करणार अण्णा? यात जीव नाही."

"म्हणूनच द्या," अण्णा म्हणाले.

मित्रांनो, माझं असं झालं की सेटवरच्या खोट्या घरातून मी खऱ्या घरात आलो, आणि हे घर जास्त रिकामं होतं. त्या घरात कपाटाचे दरवाजे खरे होते, नळाला खरं पाणी होतं, पण दिवसभरात समोरासमोर एक शब्द कोणी बोलत नसे. पडदे ओढलेले असत. शिवणयंत्रावर चादर टाकलेली. ओट्यावर चहाचे कप साठत जात. अण्णा खुर्चीत बसून राहत. सकाळी तोंड धुवायचं ठरवत आणि दुपार होई. एकदा मला म्हणाले, "उठून काय करू, तेच कळत नाही." रडत नसत. रडले असते तर मला बरं वाटलं असतं.

बाहेर जाणं त्यांनी सोडलं. कारण बाहेर सगळ्यांना अण्णा हवे असत. एकदा ब्लेड आणायला गेले होते, ते परत येऊन त्यांनी मला सांगितलं. दुकानदार म्हणाला, "अण्णा, एक सल्ला हवा होता." हे म्हणाले, "मी अण्णा नाही हो. मला स्वतःलाच काही सुचत नाही." दुकानदार टाळी देऊन हसला. "काय ॲक्टिंग करता राव! अगदी खरं वाटलं."

रोज दुपारी तीनच्या सुमाराला ते मला उचलत. अंगठा स्थिर असे. मोजणं संपलं होतं.

"हं, बोल," ते म्हणत. खूप वेळ थांबत. मग म्हणत, "धाप लागते? कधीपासून? आज कितव्या पायरीवर बसलीस? तिथेच बस, हलू नकोस. मी निघालो. विग काढतो आणि निघालो."

मग मला खाली ठेवत आणि तसेच बसून राहत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शब्द थोडे बदलत. कधी म्हणत, रिक्षा करून येतो. कधी म्हणत, पाण्याचा घोट घे. सगळी उत्तरं बरोबर असत. मित्रांनो, मला कान होते, तोंड होतं, आणि पोटात फक्त लोखंड. तेव्हा मला पहिल्यांदा माझ्या रिकामेपणाची लाज वाटली. कोणीतरी माझ्या वायरचं ते टोक कुठेतरी जोडावं असं फार वाटे. वहिनींपर्यंत ती पोचणार नाही हे मला कळत होतं. त्यांच्या खऱ्या मुलीपर्यंत पोचली असती तरी पुरे होतं.

मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला होती. रोज संध्याकाळी तिचा मोबाइलवर फोन येई.

"बाबा, जेवलात?"

"हो गं. मस्त जेवलो."

"बाहेर जाऊन आलात?"

"हो तर. दोन चकरा मारल्या."

हा आवाज अण्णांचा असे, मालिकेतला, भरदार. मोबाइल ठेवला की तो आवाज खोलीतून निघून जाई. आठ महिने असं चाललं. मला एकच काळजी होती. हा माणूस तिला खरं कधी सांगणार? सांगितलं नाही, तर त्या खुर्चीत तो किती दिवस टिकणार?

एका संध्याकाळी मुलगी नेहमीसारखं बोलता बोलता त्याच सुरात म्हणाली, "बाबा, आमच्या स्वयंपाकघरात हत्ती शिरलाय."

टेबलावर अंगठा हलला. एक, दोन, तीन, चार.

"हो का? छान. जेवून घे वेळेवर."

"बरं," मुलगी म्हणाली, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता अण्णा मला कानाला लावून म्हणत होते, "तिथेच बस, मी निघालो." तेवढ्यात दारात किल्ली फिरली. मुलगी आत आली. तिने कप बघितले, पडदे बघितले, वाढलेली दाढी बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

"कोणाशी बोलत होतात, बाबा?"

अण्णांनी रिसीव्हर खाली ठेवला. "कोणाशी नाही. जुनी सवय."

"'मी निघालो' कोणाला म्हणालात?"

मला वाटलं, आता भरदार आवाज येईल, आणि सगळं उत्तम आहे म्हणेल. पण जो आवाज आला तो मी सेटवर कधी ऐकला नव्हता. बारीक होता, चिरका होता.

"तुझ्या आईने मला सांगितलं होतं. जिना चढताना धाप लागते म्हणून. नऊ दिवस आधी. मी 'छान' म्हणालो. मी ऐकलंच नव्हतं गं. मी मोजत होतो."

मुलगी उभीच राहिली. नंतर गॅलरीत गेली आणि दार लावून घेतलं. अण्णा त्या दाराकडे बघत बसले. मला उचलावं म्हणून त्यांचा हात पुढे आला आणि परत गेला. मालिकेत अशा वेळी मुलगी धावत येऊन बापाच्या गळ्यात पडते. तसं काही झालं नाही. बऱ्याच वेळाने ती आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"मला राग आलाय, बाबा. आईबद्दल आलाय आणि हे आठ महिने लपवलंत त्याबद्दलही आलाय. तो कधी जाईल मला माहीत नाही."

"हं."

"माझा राग माझ्याकडे राहू दे. तुम्ही दाढी करा. आपल्याला डॉक्टरांकडे जायचंय. मनाच्या."

"लोक बघतील. अण्णा तिथे कशाला, म्हणतील."

"अण्णांना घरी ठेवा. तुम्ही चला."

अण्णा उठले. न्हाणीघरात खूप वेळ पाणी वाहत होतं. मग दोघं बाहेर गेली, आणि खूप दिवसांनी त्या घरात मी एकटा राहिलो.

त्यानंतर मोठा चमत्कार झाला नाही, मित्रांनो. दर मंगळवारी ते डॉक्टरांकडे जातात. गोळ्या घेतात. काही दिवस बरे जातात. काही दिवस पडदे ओढलेलेच राहतात, पण त्या दिवशी ते मुलीला सांगतात, "आज उठवत नाहीये." मुलीचा राग अजून पूर्ण गेलेला नाही. कधी दोन-दोन दिवस ती फोन करत नाही. मग हे स्वतःच तिला फोन करतात.

"अजून राग आहे?" ते विचारतात.

"आहे."

"बरं. मग रागातच बोल. मी ऐकतोय."

आणि ती बोलते. कधी अर्धा तास. हे मध्येच थांबवतात, "थांब, शेवटचं नीट कळलं नाही. परत सांग."

मला त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं आहे. तिथे अंधार असतो. तीन वाजले की मला अजून हाताची वाट बघायची सवय आहे. हात येत नाही. एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू? माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, आम्हाला विसरू नका, आमच्यावरची धूळ झटका. माझी विनवणी उलटी आहे. माझ्यावर धूळ बसू द्या. मनात काही दाटलं असेल तर ते माझ्यासारख्या बहिऱ्याला सांगू नका. ज्याला राग येऊ शकतो, जो उलट विचारू शकतो, अशा जिवंत माणसाला सांगा. आणि घरातलं कोणी जिन्याबद्दल काही सांगत असेल, तर हातातला कागद बाजूला ठेवा आणि विचारा, कितव्या पायरीवर बसलीस?