मायाप्पाचा डावा डोळा

गिरणी सुटल्यावर चिमाबाई तडक सिद्धलिंगप्पा मास्तरांकडं गेली. नवऱ्याचं पत्र हॉलंडहून आलं होतं आणि तिला वाचता येत नव्हतं. मायाप्पा पलटणीत शिपाई होता, पण देशाच्या हॉकी संघात गोलकीपर म्हणून त्याची निवड झाली होती. त्याच्या हातात पहिल्यांदा काठी दिली ती याच मास्तरांनी.

वाचता वाचता मास्तर थांबले.

"काय लिवलंय?"

"सरावात चेंडू डाव्या डोळ्यावर बसला. सूज उतरली, पण धुरकट दिसतंय. कप्तानाला सांगितलेलं नाही. आईलाही कळू देऊ नको म्हणतो."

"परत बसला तर? डोळा जाईल की!"

"जाऊ शकतो," मास्तर हळूच म्हणाले.

दोन दिवस तिच्या हाताखाली सूत तुटत राहिलं. मुकादम ओरडला. घरी सासू केराबाई गल्लीभर सांगत होती, "माझा मायाप्पा साहेबांना हरवून येतोय." सोमवारी स्पर्धा सुरू होणार होती. शनिवारी चिमाबाई पुन्हा मास्तरांच्या दारात उभी राहिली.

"कप्तानाला तार करा."

"त्याला बाहेर बसवतील. दहा वर्षं घाम गाळलाय त्यानं. तुला माफ करणार नाही तो."

"न्हाय करू दे."

"मग माझ्या नावानं करतो."

"न्हाय मास्तर. माझंच नाव घाला."

संघ शेवटच्या सामन्यापर्यंत गेला आणि एका गोलानं हरला. मास्तरांनी वर्तमानपत्र वाचून दाखवलं. गोलकीपर दुसराच होता. केराबाई रडायला लागली तेव्हा चिमाबाईला राहवेना. तिनं सगळं सांगून टाकलं. त्या दिवसापासून सासूनं तिच्याशी बोलणं टाकलं.

दीड महिन्यानं मायाप्पा सोलापूर स्टेशनात उतरला. आईच्या पाया पडला. चिमाबाईकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. टांगा निम्म्या वाटेवर आल्यावर तिनंच विचारलं,

"डॉक्टर काय म्हणला?"

"आतनं इजा व्हती. आनखी एक मार बसला असता तर डोळा गेलाच व्हता."

"आन आता?"

"दिसतंय."

मग त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडं पाहिलं.

"त्यो गोल मी अडवला असता, चिमा."

"व्हय," ती म्हणाली. "अडवला असता."

आईदेखत मायाप्पा हुंदके देऊन रडू लागला. केराबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. चुकलं माझं, असं मात्र चिमाबाई म्हणाली नाही.