आगाव कोणाला म्हणावं?

घरात सून आली की थोड्याच दिवसांत तिला एखादा शब्द चिकटतो. आपल्यापैकी कितीजणांनी तो सहज वापरला असेल! मालवणजवळच्या एका गावात यशोदाकाकींनी तो आपल्या सुनेला, नम्रताला चिकटवला : आगाव.

निमित्त साधं होतं. देवळातल्या महाप्रसादाच्या बैठकीत ही दोडामार्गहून आलेली मुलगी म्हणाली, "रांधतंव आमी, मग बायांची पंगत सगळ्यांच्या शेवटी कित्याक?"

स्वयंपाकाची व्यवस्था बघणारे आणि बैठकभर एकटेच बोलणारे मंगेशदादा हसले. "काकी, सुनेक निवडणुकीक उभी करा हां!"

घरी येताच काकींनी सुनावलं, "आगाव खंयचा! मोठ्यांच्या मधी तोंड घालूचा नसता."

तेव्हापासून नम्रता गप्प झाली. काकींना वाटलं, पोर वळणावर आली.

महाप्रसादाच्या दिवशी देवळामागे चुली पेटल्या. मोठ्या पितळी टोपात सोलकढी तयार झाली. नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी बोटभरही चाखत नाही, ही गावची रीत. शाळेतली मुलं पहिल्या पंगतीला येऊन बसली होती.

केळीची पानं घेऊन गावच्या निवृत्त शिक्षिका पिएदाद आल्या; त्या दिवशीच्या बैठकीलाही त्या होत्या. टोपाजवळ नम्रता पदर चुरगाळत उभी होती.

"काय गो, बरा नाय वाटत?"

"टीचर, ह्या टोपाची कल्हई गेली आसा. काल घासताना बघलंय. आंबट कढी ह्यात कळकतली, पोरांका बाधतली. पण सांगलंय तर परत आगाव म्हणतले."

फुलांची परडी घेऊन मागेच उभ्या असलेल्या काकींनी हे ऐकलं.

"यशोदा," पिएदाद हळू आवाजात म्हणाल्या, "आगाव कोणाक म्हणतत? जो दुसऱ्याक बोलूक दिना नाय, स्वतःचाच खरा करता, तो आगाव. ह्या चेडू तर नुसता विचारत होता. त्या दिवशी मंगेशान बैठकीत कोणाक बोलूक दिल्यान? त्याका तू काय म्हणतस?"

"धडाडीचो," काकी पुटपुटल्या.

"बघ मगे."

काकींनी पानावर बसलेल्या मुलांकडे पाहिलं. सुनेला आपण वळण लावलं नव्हतं, तिचं तोंड बांधलं होतं! त्या सरळ चुलीपाशी गेल्या.

"मंगेश, ही कढी ओतून टाक. कल्हई गेलेली आसा."

"आता? पोरां पानावर बसली, काकी. कोणी सांगल्यान?"

"माझ्या सुनेन."

मंगेशदादांनी टोप कलता करून डावाने आतली बाजू खरवडली. पिवळं पितळ उघडं पडलेलं दिसलं आणि त्यांनी स्वतःच टोपाला हात घातला. कढी माडाच्या खड्ड्यात गेली. बायांनी नवे नारळ खवले, स्टीलच्या टोपात पुन्हा कढी केली. नैवेद्याला उशीर झाला. देव काही रागावला नसावा.

मुलं जेवून उठली तेव्हा मंगेशदादा हातात पानं घेऊन आले. "बायांनो, आता तुमी बसा. वाढूक आमी आसंव."

वाचकहो, दुसऱ्याला दडपतो तो आगाव. सगळ्यांच्या भल्यासाठी बोलतो त्याला तो शब्द लावू नये. आपण एका माणसाला गप्प करतो, आणि त्याची किंमत कोण चुकवणार हे आपल्याला ठाऊक नसतं.

त्या पंगतीत काकींनी सुनेला हाताला धरून शेजारी बसवलं. पहिला घोट घेऊन नम्रता कुजबुजली, "आई, कढीत मीठ कमी आसा."

"माझ्या कानात कित्याक सांगतस?" काकी म्हणाल्या. "मंगेशाक सांग. मोठ्यान सांग."