डावीकडचा बाण

मित्रांनो, शहराबाहेरच्या फाट्यावर एका अंगाला कललेली ती जुनी पाटी मीच. जन्माने मी पाण्याच्या टाकीचा पत्रा. मला ठोकून सपाट केलं, पिवळा रंग दिला आणि एका पेंटरने माझ्यावर ठसठशीत लिहिलं: 'किरणोत्सारी कचरा नेणाऱ्या वाहनांना शहरात सक्त मनाई.' खाली डावीकडे वळणारा बाण काढला.

त्याआधी अणुभट्टीतल्या कचऱ्याचे ट्रक भर बाजारातून जात. लोक पोरांना घरात ओढून घेत. त्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा नगरपालिकेने हा नियम केला. डावीकडचा रस्ता अरुंद, उताराचा, आणि तो एका वस्तीतून जातो. वस्ती पडली हद्दीबाहेर, तेव्हा तिला विचारतो कोण? पेंटर त्याच वस्तीत राहायचा. बाण रंगवताना तो बायकोला हसत म्हणाला, "अगं, मी तर आपल्या घराचा पत्ताच लिहितोय!" तिला काही हसू आलं नाही.

मला उभं केलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. खुद्द नगराध्यक्षांनी माझ्या अक्षरांचं कौतुक केलं. मी मेली चांगलीच फुशारले.

एका दुपारी त्या उतारावर ट्रक घसरला. सायकलवरून घरी निघालेला पेंटर चाकाखाली सापडला, मांडी चिरडली. रुग्णवाहिका त्याला आणि त्याच्या बायकोला घेऊन सुसाट माझ्यापाशी आली. रुग्णालय इथून हाकेच्या अंतरावर. पण माझ्या शेजारच्या नाक्यावरच्या शिपायाने आडवा बांबू वर केला नाही.

"त्या ट्रकखालचाच ना हा? मग आत सोडता येणार नाही."

"अहो दादा, कचरा नाही हो, नवरा आहे माझा!"

"कळतं हो वहिनी. पण अंगाला ते काही लागलं असेल तर? पाटी वाचा ना. साहेबांना विचारतो, थांबा."

साहेब बैठकीत होते. बैठक लांबली. पेंटरचं रक्त थेंब थेंब माझ्या सावलीत गळत राहिलं. मी ओरडणार तरी कशी? मला एकच वाक्य येतं, तेही त्यानेच शिकवलेलं.

शेवटी किरणोत्सार मोजायचं यंत्र आलं. पेंटरच्या अंगावर काहीच सापडलं नाही. ट्रकमधलं एकही पिंप फुटलं नव्हतं. बांबू वर झाला, पण तोवर त्याचा श्वास थांबला होता.

शहर हळहळलं. नियम चोख पाळला म्हणून शिपायाची पाठ थोपटली. मला आता दुसरा पेंटर रंगवतो. "त्या बिचाऱ्याच्या अक्षराची सर नाही याला," असं लोक माझ्याकडे बघून म्हणतात, आणि भाजी घेऊन घरी जातात.

मित्रांनो, बाकीच्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मला जपू नका. माझा रंग उडू द्या. हातात दगड असेल तर बाणावरच नेम धरा. आणि उद्या तुम्ही मोठे होऊन नियम कराल, तेव्हा बाण काढण्याआधी तो कुणाच्या दारात जातो ते जाऊन बघून या.

पेंटरची बायको रोज माझ्यासमोरून डावीकडे वळते. मान वर करत नाही. तिच्या मागून ट्रक येतो, हॉर्न वाजवतो, आणि ती रस्ता सोडून कडेला उभी राहते.